कोण कुणाशी भांडतं? मलावीच्या माशांची टाकी

क्रॉफर्ड मार्केट असो की पुण्या-नाशिकचं एखादं दुकान, 'मिक्स आफ्रिकन' अशी चिठ्ठी लावलेली एक टाकी तिथे हमखास असते. दोन-दोन इंची पिल्लं अंगाला अंग लावून फिरत असतात. पिवळीधमक, नारिंगी, निळी, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. कुणी कुणाला चावत नाही. गिऱ्हाईक वेगवेगळ्या रंगांची आठ-दहा निवडून पिशवीत भरून घेतं. सुरुवातीचे काही महिने बरे जातात. मग एक नर अंगावर गडद रंग चढवतो, कोपऱ्यातला दगड ताब्यात घेतो आणि बाकीच्यांपैकी एकेक मासा फाटक्या परांनी हीटरमागे उभा राहिलेला दिसू लागतो. शेवटी टाकीत एक धष्टपुष्ट मासा आणि दोन-तीन लपून जगणारे उरतात. 'आफ्रिकन सिक्लिड म्हणजे भांडकुदळच' हे मत मग कायमचं पक्कं होतं.

मला हे मत अन्यायाचं वाटतं. हे मासे भांडतात, त्यात वाद नाही. पण ते वाटेल त्याच्याशी भांडत नाहीत. जागेसाठी, मादीसाठी, खाण्यासाठी जो खरा प्रतिस्पर्धी असतो त्याच्यावर त्यांचा रोख असतो, आणि तो कोण हे ओळखायची त्यांची स्वतःची रीत आहे. ती रीत कळली की कुणाला कुणाच्या शेजारी ठेवायचं याचं निम्मं उत्तर मिळतं. त्यासाठी आधी या माशांच्या मूळ सरोवराकडे जायला हवं.

दुकानात 'आफ्रिकन' म्हणून विकले जाणारे बहुतेक मासे मलावी सरोवरातले आहेत, किंवा तिथून आलेल्या माशांच्या टाक्यांमध्ये वाढलेल्या पिढ्या आहेत. पूर्व आफ्रिकेतल्या खचदरीत पडलेलं हे सरोवर सुमारे ५८० किलोमीटर लांब आणि जास्तीत जास्त ७५ किलोमीटर रुंद आहे. खोली सुमारे ७०० मीटर. मलावी, मोझांबिक आणि टांझानिया या तीन देशांचे किनारे त्याला लागतात. सिक्लिड कुळातल्या आठशे ते हजार जाती यात असाव्यात असा अंदाज आहे, आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्या जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. सरोवराच्या दक्षिण टोकाचं राष्ट्रीय उद्यान १९८४ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं, ते प्रामुख्याने या माशांमुळे.

एवढ्या जाती एका पाण्यात कशा मावतात? किनाऱ्याचे तुकडे पडलेले आहेत. कुठे मोठमोठ्या धोंड्यांचा उतार, मग वाळूचा पट्टा, मग पुन्हा धोंडे. धोंड्यांवर राहणाऱ्या माशांना तिथले लोक म्बुना म्हणतात. या माशांना दगड सोडून उघड्या वाळूवरून पलीकडे जाणं जिवावरचं वाटतं, त्यामुळे शेजारशेजारच्या खडकांवरच्या वस्त्या हजारो वर्षं वेगळ्या वाढल्या आणि त्यांचे रंग वेगळे झाले. दुकानदार 'लायन्स कोव्ह येलो लॅब' असं गावाच्या नावासकट मासा विकतो, त्यामागे हे कारण आहे. धोंडे सोडून वाळूवर आणि मधल्या पाण्यात फिरणारे मासे निराळे. शौकीन त्यांना हॅप म्हणतात, त्यातल्याच रंगीबेरंगी एका गटाला पीकॉक.

म्बुनांचं रोजचं आयुष्य धोंड्यावरच्या शेवाळी थरावर चालतं. हा थर हिरव्या मखमलीसारखा दिसतो, पण त्यात शेवाळाच्या तंतूंबरोबर सूक्ष्म जीव, अळ्या, बारीक किडे असं सगळं गुंतलेलं असतं. जेफ्री फ्रायर या इंग्रज शास्त्रज्ञाने एकोणीसशे पन्नासच्या दशकात न्खाटा बे इथल्या खडकांवर बारकाईने पाहिलं तेव्हा त्याला दिसलं की तोच थर खायच्या प्रत्येकाच्या तऱ्हा वेगळ्या आहेत. लॅबिओट्रोफियसचं तोंड नाकाखाली खालच्या बाजूला उघडतं, त्यामुळे तो दगडाला जवळजवळ समांतर राहून, लाटेच्या माऱ्यातही थर खरवडत जातो. झेब्रा नावाने ओळखले जाणारे मासे दगडावर काटकोनात तोंड टेकून मोकळे तंतू विंचरून घेतात. ट्रोफिऑप्स घट्ट चिकटलेले तंतू दातांत धरून झटका देऊन उपटतात. या कुळाच्या घशात जबड्यांची दुसरी जोडी असते. दळण्या-चिरडण्याचं काम ती करते, म्हणून पुढचं तोंड असं एकेका कामात तरबेज होऊ शकलं.

आता एखाद्या नराच्या दारात उभं राहून पाहू. दोन धोंड्यांमधली एक फट त्याची. तिच्यासमोरचा काही फुटांचा दगड तो राखतो. या पट्ट्यातून दिवसभर कितीतरी मासे जातात. पिवळा लॅब फटीतला किडा टिपून पुढे सरकतो, नर त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. परजातीची मादी दोन घास खाते, तो नुसता अंग वळवतो. आणि मग त्याच्याच जातीचा, त्याच्यासारखाच निळ्या पट्ट्यांचा दुसरा नर कडेला दिसतो. त्या क्षणी सगळे पर ताठ होतात, गळ्याची कातडी फुगते आणि तो बाणासारखा सुटतो. पाहुणा पळतो. दोन-तीन सेकंदांत प्रकरण मिटतं, नर परत फटीशी येतो.

प्रतिस्पर्धी ओळखण्यात रंगाचा वाटा किती, हे प्रयोगांतही दिसलं आहे. व्हिक्टोरिया सरोवरात पुंडामिलिया नावाच्या दोन जवळच्या जाती आहेत, एकीचे नर लाल, दुसरीचे निळे. पीटर डाइक्स्ट्रा आणि ओले सीहाउझन यांच्या गटाने केलेल्या प्रयोगांत नरांचा राग प्रामुख्याने स्वतःच्या रंगाच्या नरावर निघतो असं आढळलं. मलावीच्या माशांवर मायकेल पाउअर्स आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामाचा सूर तोच होता: सारख्या रंगाचा नर समोर आला की हल्ले जास्त, मग तो दुसऱ्या जातीचा का असेना.

टाकीसाठी निवड करताना मी हे पहिलं सूत्र धरतो. रंग आणि पट्टे दोन्ही एकसारखे असलेल्या दोन जाती एका काचेत घालू नयेत. डेमासोनी हा जेमतेम तीन इंचांचा गडद निळा, उभ्या काळ्या पट्ट्यांचा मासा. सौलोसीचा नर हुबेहूब त्याच पठडीतला. दोन्ही सुंदर, दोन्ही लहान, दुकानदार दोन्ही एकत्र द्यायला तयार. पण त्या दोघांना आपण दोन जाती आहोत हे ठाऊक नसल्यासारखं ते वागतात, आणि टाकीत डेमासोनीला सगळीकडे आपला भाऊबंदच दिसू लागतो.

सरोवरातल्या भांडणाचं महत्त्वाचं अंग म्हणजे ते संपतं. हरलेला मासा निघून जातो, आणि तो निघून गेला हीच शरणागतीची खूण असते. टाकीत जायला जागाच नाही. चार फुटांवर काच आहे, म्हणून हरलेला मासा मारणाऱ्याच्या नजरेसमोरच राहतो. मारणाऱ्याला तो अजून तिथेच दिसतो, म्हणजे त्याने माघार घेतलेली नाही, म्हणून तो पुन्हा मारतो. टाकीतले बहुतेक मृत्यू एका घावाने होत नाहीत. दिवसरात्र पिटाळला गेलेला मासा खात नाही, पर मिटून वरच्या कोपऱ्यात तिरका उभा राहतो, त्याचा रंग मळकट होतो, खवले निघालेल्या जागी पांढरी बुरशी धरते आणि तो खंगून मरतो. माझ्या मते आक्रमक माशांची टाकी लावणाऱ्याने सतत एकच विचार करायला हवा: इथे हरलेल्याला नजरेआड कसं होता येईल?

याचं सरळ उत्तर दगड. थोडेथोडके नव्हे, मागच्या काचेला टेकून निम्म्या उंचीपर्यंत रचलेले, आरपार फटी असलेले. फटीला मागचं दार नसेल तर ती मरणाची कोठडी होते. आपल्याकडचा काळा बेसाल्ट यासाठी उत्तम. जांभ्याचा भुगा पडत राहतो, तो नको. दगड टाकीच्या तळावर आधी बसवावेत आणि वाळू नंतर घालावी. हे मासे तोंडाने वाळू उपसतात आणि वाळूवर ठेवलेला दगड त्यांनी खालून पोखरला की तो काचेवर कोसळतो.

दुसरं उत्तर ऐकायला उलटं वाटतं: गर्दी. चार-पाच म्बुना मोठ्या टाकीत ठेवले तर एक राजा होतो आणि बाकीचे मार खातात. त्याच टाकीत वीस-बावीस ठेवले तर राजाला कुणा एकावर नजर ठेवता येत नाही. एकाच्या मागे धावला की तीन दुसरे दारात शिरतात. राग वाटला जातो आणि कुणा एकाच्या वाट्याला जीव जाईल इतका येत नाही. एका जागेवर हक्क सांगायचा तर ती राखायला परवडली पाहिजे, आणि गर्दीत ती परवडत नाही. दुकानातल्या त्या टाकीत शांतता असते ती यामुळे, आणि पिल्लं अजून वयात आलेली नसतात यामुळेही.

पण गर्दीची किंमत पाण्यात मोजावी लागते, आणि अनेक टाक्या भांडणाने नव्हे, यातच बसतात. मलावीच्या पाण्याचा पीएच साधारण ७.७ ते ८.६ असतो, म्हणून आपणही टाकीत तो ८ च्या आसपास ठेवतो. माशांच्या मलमूत्रातून सुटणारा अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, त्यातलं एक जहाल विषारी. पंचवीस अंश तापमानाला पीएच ७ असेल तर विषारी भाग अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. पीएच ८ ला तो पाच टक्क्यांवर जातो, साडेआठला पंधराच्या घरात. म्हणजे जी घाण गोल्डफिशच्या टाकीत खपून जाते ती इथे कल्ले जाळते. नवी टाकी लावून आठवड्याभरात वीस मासे सोडणं म्हणूनच धोक्याचं. फिल्टरमधले जिवाणू जमायला महिना-दीड महिना द्यावा लागतो, फिल्टर टाकीच्या मानाने मोठाच घ्यावा, आणि दर आठवड्याला तिसरा हिस्सा ते निम्मं पाणी बदलायची तयारी ठेवावी. वीज जाणाऱ्या गावात बॅटरीवरचा एअर पंप घरात असलाच पाहिजे. भरलेल्या टाकीतला प्राणवायू काही तासांत उतरतो.

पाणी आपल्याकडे जागोजागी वेगळं. मुंबईचं धरणाचं पाणी मऊ असतं, त्यात पीएच टिकत नाही, म्हणून फिल्टरमध्ये प्रवाळाचा किंवा शिंपल्यांचा चुरा पिशवीत भरून ठेवतात. पठारावर बोअरचं पाणी वापरणाऱ्यांना बहुधा काहीच करावं लागत नाही. ज्या क्षारांमुळे गीझर आणि नळ खराब होतात ते या माशांना मानवतात. नळाचं पाणी असेल तर अँटिक्लोरिन विसरू नये. तापमान पंचवीसच्या आसपास पुरे. ते अठ्ठावीस-एकोणतीसवर गेलं की मासे जास्त खातात आणि जास्त भांडतातही.

खाण्याचा प्रश्न मी रंगाइतकाच महत्त्वाचा मानतो. शेवाळ खरवडणाऱ्या म्बुनांचं आतडं लांबलचक असतं, चोथट आणि हलक्या अन्नासाठी घडलेलं. त्यांना ट्युबिफेक्स, ब्लडवर्म किंवा मांसाचा खिमा सतत दिला की पोट फुगतं, विष्ठा पांढऱ्या दोऱ्यासारखी लोंबते, मासा खाणं टाकतो आणि बहुतेक वेळा वाचत नाही. शौकीन याला मलावी ब्लोट म्हणतात. स्पिरुलिना असलेलं दाणेदार खाद्य थोडंथोडं देणं हा त्यांच्यासाठी सुरक्षित मार्ग. याउलट हॅपांपैकी कित्येक शिकारी आहेत. निंबोक्रोमिस लिव्हिंगस्टोनी नावाचा डागाळलेला मासा वाळूवर आडवा पडून मेल्याचं सोंग करतो. त्याच्या अंगावरचे ठिपके सडलेल्या मांसासारखे दिसतात. कुतूहलाने टोचायला आलेलं पिल्लू जवळ आलं की हा तोंड उघडतो. तिथल्या भाषेत त्याचं नाव कालिगोनो, म्हणजे झोपणारा. त्याचाच भाऊ व्हेनुस्टस आपल्याकडे सर्रास मिळतो, पिल्लू असताना गोजिरवाणा असतो आणि वाढून नऊ-दहा इंचांचा होतो. याला डेमासोनीसोबत ठेवलं तर दोघांना मानवेल असं एक खाद्य सापडत नाही, आणि लहान मासे त्याच्या तोंडात मावतात ते वेगळंच.

पीकॉक आणखी निराळे. त्यांच्या खालच्या जबड्यावर बारीक खळगे असतात. वाळूच्या वर अगदी स्तब्ध तरंगत हा मासा त्या खळग्यांनी आत वळवळणाऱ्या किड्याचं कंपन टिपतो आणि मग वाळूत तोंड खुपसतो. अशा शांत, थांबून खाणाऱ्या माशाला म्बुनांच्या धावपळीत उपाशी राहायची वेळ येते. रंगीत नर दबून फिका पडतो, आणि ज्या रंगासाठी तो विकत घेतला तोच दिसेनासा होतो. म्बुना आणि पीकॉक एकत्र ठेवलेल्या टाक्या मी पाहिल्या आहेत, त्यातल्या काही चालतातही, पण पीकॉक तिथे खुललेले मला कधी दिसले नाहीत.

दुकानातल्या त्या मिश्र टाकीसमोर उभं राहिलं की काही मासे आधी बाजूला काढावेत. ऑरेटस हा त्यातला पहिला. पिवळ्या अंगावर काळे-पांढरे आडवे पट्टे, सगळ्यात देखणं पिल्लू. नर वयात आला की पिवळा काळपट होतो, पट्टे जणू उलटतात, आणि तो स्वतःपेक्षा मोठ्या माशांनाही सोडत नाही. माद्याही कमी नाहीत. चिपोके त्याचाच भाऊ, त्याच्याहून तापट. केनीची गंमत अशी की पिल्लं आणि माद्या निळ्या, नर मात्र वाढताना पिवळा होतो. निळे म्हणून आणलेल्या सहा पिल्लांतले किती नर निघतील हे सहा महिन्यांनी कळतं, आणि त्यातला प्रत्येक पिवळा नर टाकी ताब्यात घ्यायला बघतो. या तिघांना वाईट मासे म्हणायचं नाही. सहा फुटी टाकीत, तितक्याच दणकट शेजाऱ्यांसोबत, अनुभवी माणसाकडे ते शोभतात. चार फुटी टाकीत नकोत.

उलट काही मासे शांत म्हणून निवडावेत. येलो लॅब हा सर्वांना ठाऊक. रस्टी म्हणजे गंजाच्या आणि जांभळट रंगाचा आयोडोट्रोफियस, दुकानात फिका दिसतो म्हणून कुणी घेत नाही. वाढल्यावर त्याची जांभळी झाक पाहिली की मला तो म्बुनांतला सर्वांत कमी कौतुक झालेला मासा वाटतो. एसी हा जांभळ्या अंगाचा, पिवळ्या शेपटीचा, सरोवरात बुडालेल्या झाडाच्या ओंडक्यांवरचं शेवाळ खात थव्याने फिरणारा. तो दगडासाठी भांडत नाही, कारण त्याला दगड नकोच असतो, तो टाकीचा वरचा भाग वापरतो.

समजा चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी टाकी आहे. पाणी काठोकाठ भरलं तर अडीचशे लिटरच्या आसपास होतं, दगड-वाळू वजा जाता त्याहून कमी. मी तिच्यात तीनच जाती ठेवीन. सहा येलो लॅब, पाच एसी आणि बारा डेमासोनी. पिवळा, जांभळा, निळा-काळा, तीन रंग आणि तीन नमुने. लॅब फटीतून हिंडतो, एसी वर, डेमासोनी दगडावर. तिघांना एकच स्पिरुलिनाचं खाद्य चालतं. इथे डेमासोनीऐवजी सौलोसीचा मोह होतो, पण सौलोसीच्या माद्या पिवळ्या असतात आणि लॅबही पिवळे. मादीच्या रंगावरून गैरसमज झाला की संकर होतो, म्हणून मी तो टाळतो. डेमासोनी बारा हा आकडा मात्र कमी करू नये. हा चिमुकला मासा परक्यांकडे दुर्लक्ष करतो आणि स्वकीयांचा जीव घेतो. चार-पाच ठेवले तर एकच उरेपर्यंत थांबत नाही. ज्याला एवढे घ्यायचे नसतील त्याने त्यांच्या जागी सहा रस्टी घ्यावेत, टाकी कितीतरी निवांत राहील.

बाकी जातींत एका नराला तीन-चार माद्या असाव्यात, नाहीतर एकाच मादीच्या मागे लागून नर तिला दमवून मारतो. पिल्लांत नर-मादी ओळखू येत नाहीत. आठ-दहा पिल्लं आणावीत आणि वाढल्यावर जादा नर काढून द्यावेत, हेच व्यवहार्य. संख्या ठरवताना ही वजाबाकी धरूनच चालावं.

सगळे मासे शक्यतो एकाच वेळी, लहान असतानाच सोडावेत. नंतर आलेल्या नव्या माशाला प्रत्येक दगडाचा मालक आधीच बसलेला सापडतो. नवा घालायचाच असेल तर दगड काढून पुन्हा वेगळे रचावेत, म्हणजे सगळ्यांच्याच हद्दी मोडतात आणि नव्या-जुन्यांची सुरुवात बरोबरीने होते. दिवे मालवल्यावर सोडलं तर अधिक बरं.

या माशांना आपापसातली पायरी किती नेमकी कळते, याचा एक प्रयोग स्टॅनफर्ड विद्यापीठात झाला. टांगानिका सरोवरातल्या अस्टाटोटिलापिया बर्टोनी या जातीचा एक नर बघ्या म्हणून ठेवला आणि त्याच्यासमोर पाच नरांच्या जोडीजोडीने झुंजी लावल्या. पहिल्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला, असं क्रमाने हरवलेलं त्याने फक्त पाहिलं. पुढे, समोरासमोर कधीच न लढलेले दोघे त्याच्यापुढे ठेवले तेव्हा तो त्यातल्या दुबळ्याच्या बाजूला जास्त रेंगाळला. लोगन ग्रोसेनिक, ट्रिशिया क्लेमेंट आणि रसेल फर्नाल्ड यांनी २००७ मध्ये हे प्रसिद्ध केलं. अ हा ब ला भारी, ब हा क ला भारी, म्हणजे अ हा क ला भारी, एवढा तर्क मासा करतो.

फर्नाल्ड यांच्याच प्रयोगशाळेतलं २००५ चं काम टाकीवाल्यांना जास्त उपयोगी आहे. दबलेल्या नरासोबत राहणारा दादा नर त्यांनी दिवे लागायच्या आधी, अंधारात उचलून नेला. उजाडल्यावर काही मिनिटांतच दबलेल्या नराच्या अंगावर रंग चढला, डोळ्यावर काळा पट्टा उमटला आणि तो स्वतःच दादागिरी करू लागला. आपणही टाकीतला गुंड काढून टाकतो आणि आता शांतता होईल असं समजतो. वरची जागा रिकामी झाली की दुसरा लगेच भरतो, कधीकधी पहिल्यापेक्षा कडक निघतो. म्हणून मी गुंड काढायच्या आधी दोन गोष्टी बघतो. मार एकालाच पडतोय की सगळ्यांना? एकालाच पडत असेल तर त्या एकाला हलवणं सोपं. आणि हा गुंड आपलाच दगड राखतोय की टाकीभर शोधून शोधून मारतोय? पहिला राहू द्यावा, त्याच्या धाकाने बाकीच्यांची भांडणं थांबतात. दुसरा जायलाच हवा.

मोठ्या रंगीत हॅप आणि पीकॉकांसाठी अनेकजण निव्वळ नरांची टाकी लावतात, आणि ती कल्पना मला पटते. मादी नाही म्हणजे भांडणाचं एक मोठं कारण गेलं. प्रत्येक जातीचा एकच नर घ्यायचा, रंग आणि आकार एकमेकांपासून जितके लांब तितके चांगले: एक निळा फ्रायराय, एक पिवळा पीकॉक, लाल परांचा एक बोर्लेयी, एक पांढऱ्या ओठांचा फेनोकिलस. यासाठी सहा फुटी टाकी लागते. माद्या ठेवायच्या तर निराळी अडचण येते. पीकॉकच्या बहुतेक जातींच्या माद्या सारख्याच करड्या-तपकिरी दिसतात, कुठली मादी कुठल्या जातीची हे दुकानदारालाही सांगता येत नाही आणि काही पिढ्यांत सगळं मिसळून जातं.

तळ साफ राहावा म्हणून सिनोडोंटिस मार्जारमीन विकतात. त्यातला टांगानिकाचा ठिपकेदार मल्टीपंक्टेटस कोकिळेचा धर्म पाळतो. सिक्लिडांची जोडी अंडी घालत असताना तो मध्ये घुसून आपली अंडी सोडतो, मादी ती आपल्यासोबत तोंडात उचलते आणि आत आधी उबलेली त्याची पिल्लं तिची पिल्लं खातात. पिल्लं हवी असतील तर हा नको.

कारण यातल्या बहुतेक सिक्लिडांच्या माद्या अंडी तोंडात उबवतात. नराच्या पोटाखालच्या मागच्या परावर अंड्यांसारखे पिवळे ठिपके असतात. घातलेली अंडी उचलून झाल्यावर मादी त्या ठिपक्यांनाही टोचू लागते, तेव्हा नराचं वीर्य तिच्या तोंडात जातं. मग सुमारे तीन आठवडे ती जवळजवळ काहीच न खाता हनुवटी फुगवून दगडामागे राहते. म्बुनांच्या भरल्या टाकीतही काही पिल्लं फटींमध्ये जगतात आणि वर्षभरात ती कुणाला द्यायची हा प्रश्न येतो.

देताना जात आणि माहीत असेल तर मूळ ठिकाण लिहून द्यावं. सौलोसीसारखा मासा सरोवरात एका लहानशा भागातला. व्यापारासाठी इतका पकडला गेला की आज तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. त्याच्या शुद्ध वंशाला म्हणूनच किंमत आहे. लॅब आणि रेड झेब्रा यांच्या संकराची मळकट पिवळी पिल्लं लॅब म्हणून विकली जातात, ती पुढे कुणाला त्या नावाने देऊ नयेत. आणि उरलेले मासे विहिरीत, तळ्यात, नदीत सोडू नयेत. उजनीच्या जलाशयात, भिगवणच्या बाजारात जी चिलापी ढिगाने येते ती याच कुळातली आफ्रिकी मासळी. १९५२ मध्ये तिलापिया भारतात आणली गेली आणि मग इथल्या पाण्यांत पसरत गेली. या कुळातली आपली स्वतःची मासळीही आहे, गोव्याच्या खाडीतलं काळुंदर. मलावीच्या माशांना सोबती हवा तो टाकीतच द्यावा, आणि जे मावत नाहीत ते दुकानदाराला परत करावेत. बरेच दुकानदार त्या बदल्यात खाद्याचं पाकीट देतात.